पत्रा वीस वर्षांचा, स्क्रू चार वर्षांचे: सोलापूरच्या शेडसाठी न गंजणारे स्क्रू कसे निवडायचे

सोलापुरात पत्र्याचं छत गळू लागलं की मालक आधी पत्र्यालाच नावं ठेवतो. वर चढून नीट पाहिलं तर पत्रा बहुधा शाबूत असतो आणि पाणी येत असतं स्क्रूच्या भोकातून. यामागचं गणित साधं आहे. चांगल्या जीआय, म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेल्या पोलादी पत्र्यावर चौरस मीटरला २७५ ग्रॅम जस्त असतं. ते दोन्ही बाजूंना वाटलं की एका बाजूला साधारण २० मायक्रॉनचा थर येतो (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). त्याच पत्र्यावर मारलेल्या साध्या झिंक प्लेटेड स्क्रूवर जस्त असतं ५ ते १० मायक्रॉन. ज्या भोकावर सगळं छत तोललेलं, तिथेच राखण कमी. शिवाय हा स्क्रू स्वतःच भोक पाडत आत जातो, तेव्हा त्यातलंही थोडं खरवडून जातं.

समुद्र इथून अडीचशे किलोमीटरहून लांब. त्यामुळे कोकणातल्यासारखा खारा वारा नाही, पाऊसही बेताचा. म्हणून 'सोलापुरात कुठला गंज' असं म्हणत हाताला लागतील ते स्क्रू घेतले जातात. प्रत्यक्षात इथे स्क्रू दोन बाजूंनी मरतो. वरून मे महिन्याचं ऊन वॉशरचं रबर खातं आणि खालून शेडमधली वाफ स्क्रूचं टोक खाते. खालचं नुकसान छतावरून दिसतच नाही. कोंबड्यांच्या शेडमधला सहा-सात वर्षांचा साधा स्क्रू उलटा फिरवून काढला, तर डोकं अजून चकचकीत, मानेपाशी पांढरी भुकटी आणि पर्लिनच्या (पत्रा ज्यावर टेकतो त्या आडव्या लोखंडी पट्टीच्या) खाली आलेला भाग दाभणासारखा बारीक झालेला, अशी त्याची दशा असते. एवढ्याशा आट्यांवर वळवाचं वादळ कसं झेलणार?

तेव्हा निवड हवामानावरून नव्हे, छताखाली काय चालतं त्यावरून करायची.

आधी छताखाली उभं राहून पाहा

राहतं घर, दुकान, पार्किंग, धान्याचं किंवा कापडाचं कोरडं गोदाम, साधा यंत्रमागाचा कारखाना ही सौम्य जागा. आयएसओ ९२२३ या मानकात हवेचे गंजाच्या जोरावरून वर्ग पाडलेत. त्यातल्या सी२ वर्गात जस्त वर्षाला ०.१ ते ०.७ मायक्रॉन झिजतं, सी३ मध्ये ०.७ ते २.१, सी४ मध्ये २.१ ते ४.२ आणि सी५ मध्ये ४.२ ते ८.४. आता ८ मायक्रॉनचा स्क्रू घ्या. सी२ मध्ये तो दहा वर्षं सहज काढेल, सी४ मध्ये दोन ते चार वर्षांत त्याचं जस्त संपेल. एकाच गावात, एकाच रस्त्यावर, भिंतीला भिंत लागून असलेल्या दोन शेडमध्ये हा फरक पडू शकतो.

सोलापूरच्या पूर्व भागातल्या किंवा अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या मागाच्या शेडला लागून सायझिंग (सुताला खळ लावणं) किंवा डाईंग (रंगाई) असेल, तर ती जागा सौम्य राहिली नाही. सायझिंगमध्ये दिवसभर वाफ असते. हिवाळ्याच्या रात्री पत्रा गार पडला की ती वाफ आतल्या बाजूला थेंब धरते आणि स्क्रूचं टोक रोज ओलं होतं. ब्लीचिंगमध्ये क्लोरीनचा वास येतो, म्हणजे हवेत क्लोराइड आहे. हलक्या प्रतीच्या स्टेनलेसलाही त्याने बारीक खड्डे पडतात. कॉस्टिक सोड्याची वाफ असेल तर ती ॲल्युमिनियम विरघळवते. अशा ठिकाणी ॲल्युमिनियमचा किंवा गॅल्व्हल्यूमचा (ॲल्युमिनियम-जस्ताचा मुलामा असलेला) उघडा पत्रा टाकणं हीच पहिली चूक, स्क्रूचा प्रश्न त्यानंतरचा.

गोठा आणि पोल्ट्री यांना लोक सर्वांत कमी लेखतात. मलमूत्रातून अमोनिया सुटतो, तो वर जातो आणि छताखालच्या दमट थरात साचतो. ओला अमोनिया जस्ताला धरून सोडत नाही. शेड बंदिस्त, छत बुटकं आणि तूस ओलं असेल तर नुकसान झपाट्याने होतं. तेच शेड उंच असेल आणि वर हवा निघून जायला जागा असेल, तर पुष्कळ फरक पडतो. चांगले स्क्रू घेऊन हवेशीरपणा टाळायचा, हे औषध घेऊन पथ्य न पाळण्यासारखं आहे.

पंढरपूर-मंगळवेढ्याकडच्या बेदाणा शेडमध्ये गंधकाची धुरी दिली जाते. गंधक जळून सल्फर डायऑक्साइड होतो आणि दवाबरोबर त्याचं आम्ल बनतं. साखर कारखान्यांत रस स्वच्छ करायला हाच वायू वापरतात. खताच्या गोदामात पोटॅशची, अमोनियम सल्फेटची धूळ पर्लिनवर बसते, हवेतला ओलावा शोषून घेते आणि स्क्रूभोवती मिठाचं पोटीस बांधल्यासारखं काम करते.

एका कागदावर तीन गोष्टी लिहा: शेडमध्ये वाफ किंवा ओलावा आहे का, डोळ्यांना-नाकाला झोंबणारा वास येतो का, आणि हवा वरून बाहेर पडते का. पुढचे निर्णय या तीन उत्तरांवर घ्यायचे.

पत्रा कोणता, पर्लिन केवढ्या जाडीची

सोलापुरात चादर म्हटलं की ती अंगावर घ्यायची. छतावर असतो तो पत्रा. पण सगळे पत्रे एक नव्हेत. जीआय म्हणजे पोलादावर जस्त. गॅल्व्हल्यूम म्हणजे ५५ टक्के ॲल्युमिनियम, ४३.४ टक्के जस्त आणि १.६ टक्के सिलिकॉनचा थर. कलर कोटेड म्हणजे यांपैकी एकावर रंग. आणि ॲल्युमिनियमचा पत्रा सबंध ॲल्युमिनियमचाच. बिलावर 'झेड १२०', 'झेड २७५' किंवा 'एझेड १५०' असं लिहून घ्या. हे आकडे दोन्ही बाजूंचे मिळून चौरस मीटरला ग्रॅममध्ये असतात. झेड १२० म्हणजे एका बाजूला जेमतेम साडेआठ मायक्रॉन, हे ऐकून बऱ्याच जणांना धक्का बसतो.

पत्र्याचा प्रकार माहीत हवा तो दोन धातूंच्या भांडणामुळे. वेगवेगळे धातू एकमेकांना टेकले आणि मध्ये ओल आली, की त्यातला दुबळा झिजतो. स्टेनलेसचा स्क्रू आणि जस्ताचा पत्रा यांत झिजणार पत्रा. स्क्रू लहान आणि पत्रा मोठा असल्याने कोरड्या हवेत हे धकून जातं. पण सतत ओल असेल तर भोकाच्या कडेचा मुलामा आधी जातो. म्हणून गॅल्व्हल्यूमवर स्टेनलेस मारायच्या आधी पत्रा बनवणाऱ्या कंपनीची वॉरंटी वाचा. पुष्कळ कंपन्या ते मान्य करत नाहीत. जनावरांच्या शेडलाही बऱ्याच वॉरंटी मुळातच लागू नसतात, तेही त्याच पानावर सापडेल. ॲल्युमिनियमच्या पत्र्याला मात्र स्टेनलेसच योग्य.

तांबं हा या कुटुंबातला खरा वैरी. वीजरोधकाची तांब्याची पट्टी उघड्या पत्र्यावरून नेली किंवा एसीच्या तांब्याच्या नळीवरचं पाणी पत्र्यावर ठिबकत ठेवलं, तर त्या पाण्याच्या वाटेवरचं जस्त उडतं आणि वाटेतले स्क्रू आधी तांबडे होतात. स्क्रू कितीही भारी घ्या, इथे उपयोग नाही. ती वाट बदलायची. भिंतीला पत्रा टेकतो तिथे ओल्या सिमेंटचा गिलावा थेट पत्र्यावर आणि स्क्रूवर थापण्याची पद्धतही अशीच घातक. ओलं सिमेंट क्षारयुक्त असतं आणि गॅल्व्हल्यूममधल्या ॲल्युमिनियमला खातं. तिथे पत्र्याचीच फ्लॅशिंग, म्हणजे सांधा झाकणारी पट्टी लावावी.

पर्लिनची जाडी कॅलिपरने मोजा, फॅब्रिकेटरच्या शब्दावर विसंबू नका. सी-पर्लिन किंवा चौकोनी पाइप बहुधा १.६ ते ३ मिमीचा असतो, अँगल ५-६ मिमीचा. स्क्रूचं टोक याच मापावर ठरतं.

मुलामा की स्टेनलेस

दुकानात पाच तऱ्हेचे स्क्रू पुढ्यात येतात.

पांढरा किंवा पिवळा झिंक प्लेटेड सगळ्यांत स्वस्त. पिवळा रंग पाहून 'हा जास्त टिकाऊ' असं वाटतं, पण तो जस्तावरचा पातळ रासायनिक रंग आहे. हे स्क्रू आतल्या कामासाठी. छतावर ते वापरूच नयेत, असं आमचं स्पष्ट मत आहे. चार पैसे वाचतात आणि चार वर्षांत सगळं छत पुन्हा फिरावं लागतं.

दुसरा, जाड जस्ताचा किंवा जस्त-कथलाच्या मिश्रणाचा थर यांत्रिक पद्धतीने चढवलेला स्क्रू. तिसरा, जस्तावर भट्टीत भाजलेला सिरॅमिक थर असलेला. 'रस्पर्ट' हे त्यातलंच एक नाव. या दोन्हींसाठी एएस ३५६६ हे ऑस्ट्रेलियाचं मानक आपल्याकडच्या डब्यांवरही छापलेलं दिसतं. त्यात चार वर्ग आहेत: १ आणि २ आतल्या जागेसाठी, ३ बाहेरच्या साध्या हवेसाठी, ४ तीव्र हवेसाठी. घर, दुकान, गोदाम, कोरडा माग यांना वर्ग ३ पुरे. सोलापूर शहरात बहुतेकांची गरज इथेच भागते. याहून भारी घेऊन पैसे घालवायची गरज नाही.

डब्यावरच्या 'सॉल्ट स्प्रे १००० तास' या ओळीला भुलू नका, पण दुर्लक्षही करू नका. मिठाच्या फवाऱ्यात हजार तास टिकला म्हणजे छतावर इतकी वर्षं टिकेल, असं रूपांतर होत नाही. दोन स्क्रूंची आपसात तुलना करायला मात्र तो आकडा कामाचा. तासांबरोबर चाचणीचं मानक, आयएसओ ९२२७ किंवा एएसटीएम बी११७, लिहिलेलं नसेल तर तो आकडा नुसती जाहिरात समजावी.

चौथा, ४१० प्रतीचा स्टेनलेस. हा कडक असल्याने स्वतः भोक पाडतो आणि चुंबकाला चिकटतो. स्टेनलेस म्हणून विकला जात असला तरी ३०४ या नेहमीच्या प्रतीच्या मानाने तो लवकर तांबूस पडतो आणि ओल्या, खारट जागी त्याला चिरा जाऊन डोकं तुटण्याचा धोका असतो. पाचवा, बायमेटल: अंग ३०४ चं, टोक साध्या कडक पोलादाचं. भोक पाडायचं काम टोक करतं, पर्लिनमध्ये धरून राहतं ते स्टेनलेस. खाली उरलेलं टोक पुढे गंजलं तरी चालतं, कारण पकड त्याच्यावर नसते.

मग कुठे काय? गोठा, पोल्ट्री आणि बेदाणा शेडसाठी दोन्ही बाजूंना रंग असलेला पत्रा आणि वर्ग ४ चा स्क्रू, किंवा पत्रा कंपनीची हरकत नसेल तर बायमेटल ३०४. क्लोरीनचं ब्लीचिंग असेल तर ३०४ पुरत नाही, त्याहून वरच्या प्रतीचा ३१६ घ्या. तिथे छतालाही धातूऐवजी एफआरपीचा (काचतंतू घातलेल्या प्लॅस्टिकचा) पत्रा जास्त शहाणपणाचा. खताच्या गोदामाला वर्ग ४.

एक गोष्ट मुलाम्याच्या पलीकडची. फार कडक केलेल्या स्क्रूवर विजेच्या पद्धतीने जस्त चढवताना हायड्रोजन पोलादात शिरतो आणि तो नीट भाजून काढला नाही, तर स्क्रू ठिसूळ होतो. असा स्क्रू घट्ट केल्यावर काही तासांनी किंवा दिवसांनी आपोआप तुटतो. सकाळी पाहावं तर डोकी पत्र्यावर पडलेली. हलक्या मालात हे घडतं. याला गंज समजून लोक उगाच सीलंट भरत बसतात.

वॉशर

वॉशरमध्ये वरची धातूची चकती आणि खाली तिला चिकटवलेलं ईपीडीएम, म्हणजे ऊन-पाऊस सोसणारं रबर असतं. रबर सुमारे ३ मिमी जाड आणि चकतीला घट्ट चिकटलेलं हवं. सुटी ओवलेली चकती स्क्रू फिरताना सरकते. छतासाठी १६ मिमी व्यासाचा वॉशर बरा, पातळ पत्र्याला किंवा वाऱ्याच्या तोंडाशी १९ मिमीचा.

स्वस्त वॉशरला पीव्हीसी किंवा रिसायकल केलेलं रबर असतं. दिसायला तितकंच काळं. वॉशर काढून दोन बोटांत दुमडा आणि पाच मिनिटं तसाच धरा. सोडल्यावर ईपीडीएम झटकन सरळ होतं आणि घडीवर पांढरी रेष उरत नाही. नखाने ओरबाडल्यावर नखाला काजळी लागली तर तो वॉशर नको. एक सूक्ष्म मुद्दा: ज्या रबरात कार्बन भरमसाट असतो ते थोडी वीज वाहून नेतं आणि गॅल्व्हल्यूमवर त्याच्याभोवती गंजाची कडी पडते. म्हणून गॅल्व्हल्यूमसाठी वीज न वाहणारं ईपीडीएम मागावं. तेलाच्या घाण्याचं शेड असेल तर तेही सांगा, कारण तेलाने ईपीडीएम फुगतं.

उन्हाचा हिशेबही करून ठेवा. २० फुटी पत्रा म्हणजे ६.१ मीटर. हिवाळ्याच्या पहाटे तो १५ अंशांवर आणि मेच्या दुपारी ६५ वर गेला असं धरलं, तर पोलादाचा पत्रा साधारण ३.७ मिमी लांबतो, ॲल्युमिनियमचा ७ मिमी. एका दिवसातही दीड-दोन मिमीची ये-जा होतच असते. वॉशर ही ये-जा वर्षानुवर्षं झेलतो. कडक झालेलं रबर झेलू शकत नाही आणि भोक लांबट होतं. म्हणून २० फुटांहून लांब ॲल्युमिनियमचा अखंड पत्रा टाकताना फॅब्रिकेटरशी आधी बोला.

लांबी आणि टोक

डब्यावर '१२-१४×५५' असं लिहिलेलं असतं. १२ म्हणजे जाडीचा नंबर, म्हणजे ५.५ मिमी. १४ म्हणजे एका इंचात आट्या. ५५ म्हणजे मिलिमीटरमध्ये लांबी. १४ नंबर म्हणजे ६.३ मिमी.

छतावर स्क्रू पत्र्याच्या उंचवट्यावर, म्हणजे रिबवर मारावा. पाणी वाहतं ते दोन रिबांमधल्या सपाट भागातून, तिथे भोक पाडूच नये. बाजूच्या उभ्या पत्र्यांना सपाट भागात मारलेला स्क्रू जास्त घट्ट बसतो. तिथे पाणी साचत नाही, म्हणून ते चालतं.

रिबवरच्या स्क्रूची लांबी अशी काढा: रिबची उंची २८ मिमी, दाबलेला वॉशर ३, पर्लिन २, पर्लिनखाली निघणारं टोक आणि किमान तीन आट्या मिळून १५. झाले ४८. बाजारात मिळणारं पुढचं माप ५५, तेच घ्या. खाली इन्सुलेशन असेल तर त्याची जाडी यात मिळवा. सपाट भागासाठी २५ मिमी पुरतो.

टोकाचा नंबर ३ असलेला १२ नंबरचा स्क्रू साधारण ५ मिमीपर्यंतचं पोलाद छेदतो, नंबर ५ चा १२ मिमीपर्यंत. नियम असा की टोकाने सगळी जाडी पार केल्यावरच आटे धातूला लागले पाहिजेत. टोक अजून फिरतंय आणि आटे चढायला लागले, तर स्क्रू पिळून तुटतो. ५-६ मिमीच्या अँगलवर ३ नंबरचं टोक जळून निळं पडतं. मिस्त्री म्हणतो 'माल खराब', पण माल नव्हे, टोक चुकलेलं असतं.

जुन्या घरांना लाकडी वासे असतील तर हा स्क्रू चालत नाही. लाकडासाठी रुंद आट्यांचा वेगळा रूफिंग स्क्रू मिळतो. आणि जुन्या पद्धतीचे जे-बोल्ट वापरायचेच असतील तर आयएस ७३० प्रमाणे, बोल्ट, नट आणि वॉशर तिन्ही गरम जस्तात बुडवलेले घ्या. बोल्ट चांगला आणि नट प्लेटिंगचा अशी जोडी सर्रास विकली जाते.

दुकानात

खिशात एक चुंबक ठेवा. ३०४ च्या अंगाला तो चिकटत नाही किंवा अगदी पुसट ओढ जाणवते. बायमेटलच्या टोकाला चिकटतो, अंगाला नाही. सगळीकडे कचकन चिकटला तर ते ४१० किंवा साधं पोलाद, नाव काहीही सांगोत.

मोठी खरेदी असेल तर आधी दोन-तीन प्रकारचे पाच-पाच स्क्रू आणा आणि घरीच परीक्षा घ्या. पत्र्याचा आणि पर्लिनचा तुकडा घेऊन त्यात स्क्रू मारा, मग काढा. मुलामा खरवडतो तो इथेच, म्हणून कोऱ्या स्क्रूची परीक्षा फसवी. लिटरभर पाण्यात ५० ग्रॅम मीठ घालून रोज संध्याकाळी बुडवा, सकाळी उन्हात वाळवा. दहा-बारा दिवसांत कुठला आधी तांबडा पडला ते दिसतं. याने वर्षं कळत नाहीत, पण खोटा माल कळतो.

डब्यावर बनवणाऱ्याचं नाव, वर्ग, माप आणि बॅच नंबर असावा. सुट्या पोत्यातले स्क्रू किलोवर घेऊ नका.

किती लागतील

एकउतारी शेड धरू: लांबी ४२ फूट, उतार २० फूट. पत्र्याची झाकणारी रुंदी १ मीटर, त्यात २५० मिमीवर चार रिब. ४२ फूट म्हणजे १२.८ मीटर, म्हणजे १३ पत्रे. पर्लिन चार-चार फुटांवर, म्हणजे सहा ओळी. एकूण रिब ५३.

वरच्या आणि खालच्या कडेच्या ओळीत प्रत्येक रिबला स्क्रू: ५३×२ = १०६. मधल्या चार ओळींत पत्र्यामागे तीन, शेवटच्या रिबचा एक आणि दोन्ही टोकांच्या पत्र्यांत प्रत्येक रिब भरण्यासाठी आणखी दोन, म्हणजे ओळीला ४२. चार ओळींचे १६८. झाले २७४. दहा टक्के नासधूस धरून ३०० घ्या. पत्र्याला पत्रा जोडणाऱ्या बारा जोडांवर दोन पर्लिनच्या मध्ये एक, म्हणजे जोडाला पाच, असे ६० आखूड स्टिचिंग स्क्रू. कडेच्या आणि भिंतीच्या फ्लॅशिंगला फुटाला एक धरून ८२. दीडशेचा डबा पुरतो.

कडेला जास्त स्क्रू का? वारा छत दाबत नाही, उचलतो. आणि सर्वांत जोरात उचलतो कडांना आणि कोपऱ्यांना. आयएस ८७५ भाग ३ मध्ये कडा-कोपऱ्यांचा दाब म्हणूनच वेगळा धरतात. वळवाच्या वादळात पत्रा उडतो तो एका कोपऱ्यापासून सुरू होऊन. माळरानावर एकट्या उभ्या शेडला मधल्या ओळींतही सगळ्या रिब भरा.

बसवताना

इम्पॅक्ट मशीन वापरू नका. तिचे ठोके मुलामा उडवतात आणि डोकं कुठे थांबवायचं ते हातात राहत नाही. खोली ठरवता येणारं स्क्रू मशीन हवं, १५०० ते २००० फेऱ्यांचं. जाड अँगलला आणि स्टेनलेसला याहून कमी. सॉकेट डोक्यात घट्ट बसणारा घ्या; ढिला सॉकेट डोक्याच्या कोपऱ्यांवरचा मुलामा सोलतो आणि पहिला तांबडा ठिपका तिथेच उमटतो.

पर्लिनच्या मधोमध दोरी धरून खडूने ओळ आखा. स्क्रू पत्र्याला काटकोनात. किती आवळायचा हे डोळ्यांनी ठरतं: स्क्रू खाली जातो, रबर पत्र्याला लागतं, मग दबतं आणि चकतीच्या कडेबरोबर गोल, बारीक काठ दिसू लागतो. इथे थांबायचं. चकती बशीसारखी खोल गेली, रबर बाहेर फाकलं किंवा रिब दबून खळगा झाला, तर तिथे पाणी साचून रबर फाटणार. चकती हाताने फिरते आहे तर ढिला. दुपारी तापलेल्या पत्र्यावर काम करू नका. हात पोळतात, चुका वाढतात आणि लांबलेल्या स्थितीतच पत्रा पक्का होतो. सकाळची वेळ चांगली. पाय पर्लिनच्या ओळीवरच ठेवा आणि सुरक्षा पट्टा बांधा.

भोक चुकलं, खाली पर्लिन लागलीच नाही, तर तो स्क्रू तसाच ठेवायची खोड मिस्त्रींना असते. वरून सगळं ठीक दिसतं आणि पहिल्या पावसात तिथून धार लागते. चुकलेलं भोक १४ नंबरच्या जाड स्टिचिंग स्क्रूने आणि सीलंटने त्याच दिवशी बंद करा.

संध्याकाळी झाडू मारल्याशिवाय खाली उतरू नका. भोकं पाडताना उडालेला लोखंडी चुरा रात्रीच्या दवाने गंजतो आणि पत्र्यावर तांबडे डाग धरतो. ग्राइंडरने पत्रा कापला तर तापलेल्या ठिणग्या रंगात रुततात, कापलेल्या कडेचं जस्तही जळतं. पत्रा कात्रीनेच कापावा.

प्रकाशासाठी मध्ये पॉलिकार्बोनेटचा पत्रा असेल तर तो पोलादाच्या पाचपट तरी लांबतो. त्याला आधी स्क्रूपेक्षा ३-४ मिमी मोठं भोक पाडून घ्या आणि ईपीडीएमचा रुंद वॉशर लावा. पीव्हीसी वॉशरमधल्या रसायनाने पॉलिकार्बोनेटला चिरा जातात.

जुनं छत हाताळताना

पत्रा चांगला आणि स्क्रू गेलेले असतील तर सगळं उतरवायची गरज नाही. खालून टॉर्च मारून टोकं बघा. टोक नुसतं तांबूस असेल तर त्या ओळीतला एक काढून पाहा. आटे शाबूत असतील तर फक्त वॉशर फुटलेले स्क्रू बदला. आटे झिजले असतील तर ती ओळ पूर्ण बदला. ५.५ च्या जुन्या भोकात ६.३ मिमीचा, म्हणजे १४ नंबरचा स्क्रू नवी पकड घेतो. पर्लिनच गंजून पातळ झाली असेल तर जाड स्क्रूही धरणार नाही. भोक रिबवरच थोडं सरकवा आणि जुनं बंद करा.

सीलंट घेताना वास घ्या. व्हिनेगरसारखा आंबट वास येणारं सिलिकॉन वाळताना आम्ल सोडतं आणि जस्त खातं. न्यूट्रल क्युअर सिलिकॉन मागा. स्क्रूच्या डोक्यावर डांबर फासणं हा उपाय नव्हे. ते मेमध्ये वितळतं, चिरा पडतात आणि आत कोंडलेली ओल स्क्रूला आणखी लवकर संपवते. सिमेंटच्या जुन्या पत्र्यात ॲस्बेस्टॉस असू शकतं. त्याला कोरडं ड्रिल किंवा ग्राइंडर लावू नका.

तपासणी

पहिली तपासणी पहिल्या उन्हाळ्यानंतर, मृग लागायच्या आत. नव्या पत्र्याची ये-जा होऊन काही स्क्रू सैल पडतात, ते हाताच्या पान्याने पाव फेरा आवळा. त्यानंतर दर दोन वर्षांनी, गोठा-पोल्ट्रीला दरवर्षी. कडुनिंबाचा पाला, कबुतरांची विष्ठा, काळ्या मातीची धूळ रिबांच्या कडेला साचते आणि ओल धरून बसते. ती पावसाआधी झाडून घ्या. गोठ्यात आणि पोल्ट्रीत पर्लिनखाली डोकावणाऱ्या टोकांवर इपॉक्सी रंगाचा एक हात फिरवला तर आयुष्य वाढतं.

काम संपताना उरलेले वीस-पंचवीस स्क्रू डब्यासकट बाजूला ठेवा. बॅच नंबरचं लेबल फाडून बिलाला टाचा आणि पत्र्याच्या बिलासोबत जपा. पाच वर्षांनी एखादा स्क्रू बदलायची वेळ येते, तेव्हा दुकानदार 'तसाच आहे' म्हणून दुसरा देतो. हातात जुना नमुना असला की तो तसाच आहे की नाही ते काउंटरवरच कळतं.